शून्य पक्ष्यांचा तास

गेल्या वर्षी मे महिन्यात मी हक्काच्या रजेतले पाच दिवस एका घडीच्या खुर्चीवर बसून, आभाळाकडे पाहत काढले. घरी हा बेत सांगितला तेव्हा बायकोने ‘तब्येत बरी आहे ना?’ असे विचारले आणि मुलीने, तिला कोणी विचारण्याआधीच, आपल्याला येता येणार नाही असे जाहीर करून टाकले. पुण्याला आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, “घारी मोजायला एवढ्या लांब कशाला जातोस? आपल्या गच्चीवरून मोज की!” तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. फक्त तिच्या गच्चीवरच्या घारी बाराही महिने तिथेच असतात आणि मी ज्यांच्यासाठी निघालो होतो ते पक्षी आफ्रिकेतून निघून स्वीडनला चालले होते.

या उद्योगात मला ओढले ते आमच्या शेजाऱ्यांनी. स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात भिंतीला भिंत लागून एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक राहतात. घरात आम्ही त्यांना ‘मास्तर’ म्हणतो. समोर अर्थातच आडनावाने आणि ‘झी’ लावून. अकरा वर्षांच्या शेजारानंतरही आम्ही ‘डू’वर आलेलो नाही, आणि त्यात आमचे काही बिघडलेलेही नाही. मास्तर मूळचे उत्तरेकडचे. १९९१ पासून दर वसंतात ते आठ-दहा दिवस फेहमार्न बेटावर जातात आणि तीन-चार जुन्या मित्रांबरोबर उत्तरेकडे जाणारे शिकारी पक्षी मोजतात. कोणी सांगितलेले नाही, कोणी पैसे देत नाही. गेल्या वर्षी त्यांतले एक मित्र आजारी पडले आणि मास्तरांच्या स्वतःच्या डोळ्यांनीही दगा द्यायला सुरुवात केली होती. “तुमची दूरची नजर चांगली आहे,” ते मला कुंपणापलीकडून म्हणाले. जर्मन माणसाने केलेली एवढी स्तुती वाया घालवणे बरे दिसले नसते.

फेहमार्न हे बाल्टिक समुद्रातले एक सपाट, गव्हाच्या आणि मोहरीच्या शेतांचे बेट. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर पुटगार्डन बंदर आणि समोर, सुमारे अठरा किलोमीटर पाण्यापलीकडे, डेन्मार्कचे लोलँड. आपल्यापैकी ज्यांनी हॅम्बुर्गहून कोपनहेगनचा प्रवास आगगाडीने केला असेल त्यांना आठवेल, की पुटगार्डनला सबंध गाडीच बोटीच्या पोटात शिरत असे. डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झाले. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल आणि ही बोट, दोन्ही १९६३ सालची, आणि या सगळ्या मार्गाचे नावच मुळी ‘फोगेलफ्लुगलिनी’, म्हणजे पक्ष्यांची उड्डाणवाट. रस्ते बांधणाऱ्या खात्याने पक्ष्यांच्या वाटेचे नाव उसने घेतल्याची दुसरी उदाहरणे मला तरी ठाऊक नाहीत.

ही वाट पक्ष्यांनी का धरली, हे समजायला थोडे पदार्थविज्ञान पुरते. मोठ्या पंखांचे शिकारी पक्षी पंख मारत लांब जात नाहीत. त्यांना ते परवडत नाही. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचा स्तंभ वर चढतो, त्यात घिरट्या घालत उंची गाठायची आणि मग पुढच्या स्तंभापर्यंत घसरत जायचे, असा त्यांचा हिशेब असतो. समुद्रावर असे स्तंभ फारसे नसतात. म्हणून पाणी ओलांडायचे तर जिथे ते अरुंद तिथे. शरद ऋतूत स्कँडिनेव्हियाचे पक्षी स्वीडनच्या दक्षिण टोकाला, फाल्स्टर्बोला, नरसाळ्यातून यावेत तसे एकत्र येतात. त्यात त्या वर्षीची पिल्लेही असतात, त्यामुळे संख्या मोठी. वसंतातले परतणे वेगळे. हिवाळ्यातून वाचलेलेच परत येतात, त्यांना घरटे गाठायची घाई असते आणि जर्मनीवरून ते रुंद फळी धरून पसरून जातात. दक्षिण जर्मनीत एखाद्या टेकडीवर बसलात तर मेमध्ये दिवसभरात दोन मधुबाज दिसतील, नाहीतर तेही नाहीत. उत्तरेला जमीन संपते तिथे, फेहमार्नला किंवा डेन्मार्कच्या स्कागेनला, ही फळी पुन्हा थोडी आवळते. म्हणून मोजणाऱ्यांच्या बहुतेक चौक्या शरदाच्या आहेत आणि वसंतात मोजणारे थोडे. (मधुबाज हे नाव आपल्याकडच्या त्याच्या भाऊबंदाचे. जर्मन लोक याला ‘वेस्पेनबुसार्ड’, गांधीलमाशांचा बाज, म्हणतात, कारण तो त्यांची पोळी जमिनीतून उकरून अळ्या खातो. मधाशी त्याचे फारसे देणेघेणे नाही.)

पहिल्या दिवशी आम्ही ग्र्यूनर ब्रिंकच्या बांधाजवळ बसलो. माझ्याकडे दुर्बीण, मांडीवर छापील तक्ता: डावीकडे तास, वर पक्ष्यांची नावे. सकाळी आठ ते दहा बरे गेले. दलदलीवरचे भोवत्ये, काही बाशे, एक मीनखाई घार. मग वारा फिरला, धुके समुद्रावरून आत आले आणि बारा ते दोन काहीच नाही. मी पाव खाल्ला, चहा प्यायलो, थोडा वेळ टोपी डोळ्यांवर ओढली. संध्याकाळी मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता डोळ्यांशी नेला आणि विचारले, “बारा ते दोन तुम्ही बसला होतात, की नव्हतात?”

“बसलो होतो. पण काही आलंच नाही.”

“मग इथे शून्य हवं. ही चौकट रिकामी आहे.”

मंडळी, ही गोष्ट मला ऐकून घ्यावी लागली याची जी लाज वाटली ती शब्दांत सांगता येणार नाही. मी कंपन मोजण्याच्या उपकरणांवर डॉक्टरेट केली आहे आणि वीस वर्षे विदागारांच्या प्रणाली लिहून पोट भरतो. ‘नोंद नाही’ आणि ‘नोंद आहे, ती शून्याची’ या दोन गोष्टींतला फरक न समजलेल्या कनिष्ठ सहकाऱ्यांना मी स्वतः व्याख्यान दिलेले आहे. पण खुर्चीवर, थंडीत, रिकाम्या आभाळाखाली हात आपोआप थांबतो. न आलेल्या पक्ष्याची नोंद काय करायची?

त्या रात्री मास्तरांनी, माझी समजूत काढावी म्हणून असेल, हाइन्रिश गेट्केची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर मी ती वाचून काढली, आणि मग पक्षीमोजणीचा जर्मनीतला इतिहास या एका चौकटीभोवतीच फिरतो आहे असे मला वाटू लागले.

गेट्के हा ब्रांडेनबुर्गचा चित्रकार. १८३७ साली समुद्राची चित्रे काढायला हेल्गोलँडला गेला आणि तिथेच राहिला. पुढे तो बेटाच्या सरकारी कचेरीत चिटणीसही झाला. हेल्गोलँड म्हणजे उत्तर समुद्रातला एक लाल खडक, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात. १८९० च्या झांजिबार करारानंतर तो जर्मनीला मिळाला. पक्ष्यांच्या वाटेवरचा विसावा असल्याने तिथे युरोपातले निम्मे पक्षी कधी ना कधी उतरतात. गेट्केने पन्नासहून अधिक वर्षे ते पाहिले, टिपले आणि १८९१ साली ‘हेल्गोलँडची पक्षी-वेधशाळा’ हा ग्रंथ लिहिला. निरीक्षक म्हणून तो असामान्य होता. पण त्याच ग्रंथात तो असे म्हणतो, की गळ्याला निळा पट्टा असलेला एक चिमुकला पक्षी (आपल्याकडेही हा हिवाळ्यात येतो) ईशान्य आफ्रिकेतून एका रात्रीत हेल्गोलँड गाठतो. म्हणजे ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास! त्याचा युक्तिवाद काय, तर वसंतात हा पक्षी इजिप्तमध्ये दिसतो आणि हेल्गोलँडला दिसतो, मधल्या देशांतून नोंदी जवळजवळ नाहीत, अर्थी तो मध्ये उतरतच नाही. गणितात चूक नाही. पण मधल्या देशांत वसंतातल्या पहाटे झुडपांत डोकावणारे होतेच किती? नोंद नव्हती, ती त्याने शून्याची नोंद धरली. माझी चौकट दोन तासांची होती, त्याची भूमध्य समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंतची.

याला उत्तर आले ते पूर्व प्रशियातून. कुरिश नेरुंग ही बाल्टिकची वाळूची लांबलचक पट्टी. तिच्यावरच्या रॉसिटेन गावात योहान्नेस थीनेमान याने १ जानेवारी १९०१ रोजी वेधशाळा सुरू केली. शिक्षण धर्मशास्त्राचे, पेशा शिक्षकाचा, ओढ पक्ष्यांची. त्याने पट्टीवर अर्ध्या किलोमीटरच्या अंतराने दोन ठाणी केली, मध्ये टेलिफोनची तार टाकली आणि पहिल्या ठाण्यावरून कावळा गेला की दुसऱ्याला कळवायचे, असा वेग मोजला. करड्या अंगाचा कावळा ताशी सुमारे ५० किलोमीटर, बाशा त्याहून हळू, ४१ च्या आसपास. एवढ्या साध्या साधनांनी ताशी ३३० चा डोलारा खाली आला. एक अभियंता म्हणून मला हा प्रयोग फार आवडतो. महिनाभर तरी मी तो भेटेल त्याला सांगत होतो. त्या गावचे लोक कावळे जाळ्यात पकडून, डोक्याला चावा घेऊन मारत आणि पिंपात खारवून हिवाळ्यात खात. थीनेमानने त्यांच्याकडूनच जिवंत कावळे घेतले आणि १९०३ पासून त्यांच्या पायांत ॲल्युमिनियमच्या कड्या घालून सोडले. त्याच्या कामाचा कणा असा गावकऱ्यांचा होता. १९४५ नंतर ते गाव रशियात गेले. संस्थेचा वारसा बोडनसे सरोवराकाठी राडोल्फझेलला आला, आणि रॉसिटेनलाही, आता रिबाची या नावाने, १९५६ पासून पुन्हा वेधशाळा आहे.

इथे थोडे विषयांतर, पण आपल्या वाचकांसाठी ते आवश्यक. १९२९ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात काम करणारा एक तरुण, हातात विद्यापीठाची पदवी नसलेला, पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला आला. तो म्हणजे सालिम अली. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांनी त्यांना जवळ केले, आणि याच मुक्कामात हेल्गोलँडच्या केंद्रावर जाऊन त्यांनी पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम हाताने केले. परत गेले तर संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती. मग ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि घराशेजारच्या झाडावरच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर रोज तासन्‌तास बसून राहिले. १९३१ साली प्रसिद्ध झालेला सुगरणीवरचा त्यांचा अभ्यास त्या बसण्यातून आला. पुढे १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतराची मोठी पाहणी हाती घेतली, तिचे नेतृत्वही त्यांचेच. मला एवढेच म्हणायचे आहे, की कोकणातल्या त्या अंगणाला हेल्गोलँडच्या खडकाचा वारा थोडासा लागलेला आहे. (ज्या खडकावर त्यांनी कड्या घातल्या, त्यावर ब्रिटिशांनी १९४७ च्या एप्रिलमध्ये ६७०० टन दारूगोळा एकदम उडवला. खडक उरला. १९५२ साली तो जर्मनीला परत मिळाला आणि पक्षी मोजणारे पुन्हा गेले.)

नियमित, तासागणिक मोजणीचे धडे मास्तरांनी मात्र आमच्याच भागात घेतले. स्वेबियन आल्पच्या उत्तर कड्यावर रांडेकर मार म्हणून एका जुन्या ज्वालामुखीची वाटी आहे. स्टुटगार्टहून तासाभरात पोचता येते. १९७० साली वुल्फ गाटर या वनाधिकाऱ्याने तिथे शरदातली मोजणी सुरू केली, आणि ती ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, रोज, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, स्वयंसेवकांच्या जोरावर चालत आली. तिथल्या मंडळींनी पक्ष्यांबरोबर स्थलांतर करणाऱ्या फुलमाश्याही मोजल्या. १९७० च्या दशकात हा शुद्ध वेडेपणा वाटला असणार. २०२० साली त्यांनी जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा अळ्यांच्या रूपात मावा खाणाऱ्या फुलमाश्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. कोणत्याही सरकारी कपाटात ही जुनी बाजू नव्हती.

अमेरिकेतही असेच घडले होते. पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर पूर्वी लोक गंमत म्हणून ससाणे मारत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगरच ताब्यात घेतला आणि मॉरिस ब्राउन याला राखणीला बसवले. राखता राखता तो मोजू लागला. पुढे रेचल कार्सन यांना कीटकनाशकांवर लिहिताना त्याचे आकडे मिळाले: १९३५ ते १९३९ मध्ये दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत ४० टक्के तरुण होते, १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के. पिल्ले होतच नव्हती. १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही मोजणी पुरावा म्हणून उभी आहे. पश्चिम जर्मनीत डीडीटीविरुद्धचा कायदा १९७२ साली झाला. १९४३ ते १९४५ ही वर्षे मात्र हॉक माउंटनच्या आलेखात रिकामी आहेत, कारण ब्राउन युद्धावर गेला होता. त्या वर्षी गरुड आले नाहीत असे कोणी म्हणत नाही.

आज हे सगळे जुन्या काळचे वाटत असेल, तर एक ताजे सांगतो. लाल घार हा पक्षी जगात जितका आहे, त्याच्या सुमारे निम्म्या जोड्या जर्मनीत घरटी करतात. हा देश दुसरीकडे पवनचक्क्याही झपाट्याने उभारतो आहे, आणि त्या हव्यातच, याबद्दल माझे दुमत नाही. २०२२ साली निसर्गसंरक्षणाच्या कायद्यात आकडे घातले गेले: लाल घारीच्या घरट्यापासून ५०० मीटरच्या आत चक्की आली तर पक्षी मरण्याचा धोका लक्षणीय वाढतो असे धरायचे, १२०० मीटरपर्यंत तसे मानून पुढे तपासायचे. नियम चांगला, सुटसुटीत. पण घरटे कुठे आहे हे कोणीतरी वसंतात जाऊन पाहिलेले असेल तरच तो लागू होतो. नकाशावर टिंब नाही, याचा अर्थ घरटे नाही असा, की कोणी गेलेच नाही असा? मी काही तक्ते पाहिले, त्यांत हा फरक सांगणारा रकानाच नव्हता. फेहमार्नलाही तेच. बेल्टवर पूल की बोगदा हा वाद वर्षानुवर्षे चालला, त्यात पक्ष्यांची वाट हा एक मुद्दा होता. २०११ साली डेन्मार्कने बोगद्याच्या बाजूने कौल दिला आणि आता त्याचे काम चालू आहे. आमच्या खुर्च्यांवरून त्याची यंत्रे दिसत होती.

आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाला, सिसिली आणि इटलीच्या मधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवर, वसंतातली मोजणी म्हणजे जिवाशी गाठ होती. तिथे अशी समजूत होती, की वसंतात ज्याने एकही मधुबाज मारला नाही त्याची बायको त्या वर्षी त्याला फसवणार. आना जोर्दानो ही मुलगी १९८१ साली, पंधरा वर्षांची असताना, ही शिकार पाहून हादरली आणि तिने टेकड्यांवर मोजणी आणि राखण सुरू केली. तिच्या शिबिरांत पक्ष्यांबरोबर बंदुकीचे बारही मोजले जात. पोलिसांना दाखवायला बारांची संख्या जास्त उपयोगी पडते, हे उघड आहे. धमक्या आल्या, पण शिबिरे चालू राहिली. परदेशांतून स्वयंसेवक आले. १९९८ साली तिला पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. मास्तरांचे एक मित्र तिथे एका मेमध्ये बसून आले आहेत. “बार झाला की आपण आभाळाकडे न बघता खाली बघतो,” एवढेच ते त्याबद्दल बोलले.

फेहमार्नला चौथ्या दिवशी वारा आग्नेयेचा झाला. दहाच्या सुमारास शेतांवरून पहिला मधुबाज वर चढताना दिसला, मग त्याच स्तंभात आणखी चार, मग मोजता मोजता माझी तारांबळ. मास्तर शेजारी बसून मी ओरडेन ते लिहीत होते. त्यांना आता ठिपके दिसत नाहीत. जवळून गेलेला पक्षी पंख धरण्याच्या पद्धतीवरून ते माझ्याआधी ओळखतात, पण दूरचे गेले. दुपारी एकदा, मोठा थवा समुद्रावर निघून गेल्यावर, त्यांनी दुर्बीण खाली ठेवून विचारले, “किती उंच होते?” मी सांगितले. ते मान हलवत राहिले.

घरी परतल्यावर त्यांनी त्यांच्या वह्या माझ्याकडे आणल्या. १९९१ पासूनच्या, रेषांच्या, काही पावसात भिजून फुगलेल्या. संगणकात भरून द्याल का, असे त्यांनी विचारले आणि मी अर्थातच हो म्हणालो. नोव्हेंबरात, अंधार लवकर पडायला लागल्यावर, आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागलो. १९९७ नंतरच्या वह्या उत्तम आहेत: तास, वारा, ढग, आणि शून्ये, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीने. पहिल्या सहा वर्षांत मात्र फक्त आलेले पक्षी आहेत. रांडेकर मारला १९९६ च्या शरदात ते पहिल्यांदा जाऊन बसले, शून्य लिहायचे तिथे शिकले. त्याआधीच्या वह्यांत नोंद नसलेला तास बसून गेला की जेवणात, हे आज सांगता येत नाही.

मी सुचवले, की त्या वर्षांचे साधारण वेळापत्रक त्यांना आठवत असेल, तर त्यावरून काही चौकटींत शून्य घालता येईल. सहा वर्षे वाचली असती. आलेखाला सुरुवातीची बाजू मिळाली असती. बाकीच्या वर्षांनाही तिच्यामुळे अर्थ आला असता. शिवाय त्यांची स्मरणशक्ती चोख आहे. ते बराच वेळ गप्प बसले. बाईंनी कॉफी आणून ठेवली, ती निवाली.

“वाचा,” ते शेवटी म्हणाले.

“१२ मे १९९४. दहा ते अकरा, मधुबाज तीन, बाशा एक. अकरा ते बारा...”

“काय लिहिलंय?”

“काही नाही.”

“मग रिकामं ठेवा,” मास्तर म्हणाले. मी रिकामे ठेवले आणि पुढची ओळ वाचली.